हळद लावली म्हणजे काय केलं?

मे महिना सरत आला की नांदेड जिल्ह्यात दोन कामांची घाई एकदमच उडते. लग्नाच्या उरल्यासुरल्या तिथी गाठायच्या असतात आणि हळदीचं रानही तयार झालेलं असतं. वाफे ओढलेले, बेणं निवडून ठेवलेलं. अशा दिवसांत कंधारच्या बसस्टँडवर कुणी ओळखीचा भेटतो आणि सांगतो, "आमच्याकडं काल हळद लावली." ऐकणारा पुढं काही विचारत नाही. सांगणाऱ्याच्या हातात पत्रिकांचा गठ्ठा असेल तर घरच्या पोरीला हळद लागली. पायाला माती असेल तर बेणं रानात गेलं. एका हळदीनं अंग पिवळं झालं, दुसरी मातीखाली झाकली गेली. वाक्य मात्र अक्षरानं बदललेलं नाही.

हे एवढ्यावर थांबत नाही. आपण दिवा लावतो, दार लावतो, दही लावतो, फोन लावतो, अर्थ लावतो, शोध लावतो, सवय लावतो, पैज लावतो, अंगठा लावतो. दिवा लावला की तो सुरू होतो, दार लावलं की ते बंद होतं. उलट कामं, क्रियापद एक. तरीही चार वर्षांचं पोर यात गोंधळत नाही. "दार लाव" म्हटल्यावर ते कधी दाराला काडी ओढायला जात नाही.

तेच पोर आठवी-नववीत इंग्रजी शब्दकोश उघडतं आणि 'सेट' या क्रियापदापाशी अडकतं. अर्थांची रांग संपतच नाही: ठेवणे, मांडणे, बसवणे, ठरवणे, गोठणे, मावळणे, निघणे, पेटवणे. हा शब्द दांडगा आहे, यात शंका नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची २० खंडांची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तेव्हा 'सेट' या एका क्रियापदाखाली चारशेहून अधिक अर्थ नोंदले गेले होते. पुढं सुधारित आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर 'रन'नं त्याला मागं टाकलं. त्याचे अर्थ ६४५ भरले. गावाकडची मुलं अशी यादी पाठ करायला बसतात, हे पाहून मला फार वाईट वाटतं. कारण 'सेट' ज्या रीतीनं चालतो, ती रीत त्यांना दूध पिण्याच्या वयापासून येते.

बसणे, बसवणे आणि इंग्रजीतली जोडी

मराठीत 'बसणे' आणि 'बसवणे' अशी जोडी आहे. पाहुणा बसतो, आपण पाहुण्याला बसवतो. पहिल्यात क्रिया स्वतःहून होते, दुसऱ्यात ती कुणीतरी घडवून आणतं. घडवून आणणाऱ्या क्रियापदाला व्याकरणात 'प्रयोजक' म्हणतात. मराठीत प्रयोजक बनवायची एक रीत म्हणजे मध्ये 'व' घालणं: करणे–करवणे, हसणे–हसवणे. दुसरी, अधिक जुनी रीत स्वर बदलण्याची: पडणे–पाडणे, मरणे–मारणे, चरणे–चारणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे.

इंग्रजीतही एके काळी हीच स्वर बदलण्याची रीत होती. आज तिच्या थोड्याच जोड्या उरल्या आहेत. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे, मुळात, बसवणे. तसंच 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे झाड पाडणे; 'राइज' म्हणजे वर येणे आणि 'रेझ' म्हणजे वर उचलणे. 'पडणे–पाडणे' तोंडात बसलेल्या मुलाला 'फॉल–फेल' परकं वाटायचं काही कारण नाही. या नात्याचं मूळही दूरवर जातं. संस्कृतातला 'सद्', म्हणजे बसणे, आणि इंग्रजीतला 'सिट' हे एकाच मुळाचे फाटे आहेत. संसद, परिषद, सदन या आपल्या रोजच्या शब्दांत तोच 'सद्' आहे.

आता 'लावणे' पाहा. संस्कृतात 'लग्' म्हणजे चिकटणे, भिडणे. त्यापासून आपला 'लागणे' आला. त्याच्या प्रयोजक रूपातला 'ग' प्राकृतात झिजला आणि 'लावणे' तयार झाला. म्हणजे 'लावणे' ही 'लागणे'ची प्रयोजक जोडी: एखादी गोष्ट दुसरीला लागेल असं करणे. हळदीची दोन्ही वाक्यं इथं एकत्र येतात. एकात हळद अंगाला लागते, दुसऱ्यात बेणं मातीला लागतं.

शेतातला आणखी एक बारकावा यातून उलगडतो. ज्वारी आपण पेरतो, लावत नाही. हळद, ऊस, मिरची मात्र लावतो. पेरताना बी तिफणीतून धारेनं पडत जातं, एकेक दाणा कुणी हातानं जागेवर ठेवत नाही. हळदीचा कंद, उसाचं टिपरं, मिरचीचं रोप हे एकेक करून नेमक्या जागी हातानं भिडवावं लागतं. तसं केलं की ते 'लावणं' झालं.

एक ढीग पुस्तकांचा, चार क्रियापदं

इंग्रजी 'सेट'चं मूळ काम वस्तू जागेवर बसवण्याचं. त्या कामासाठी मराठीत एकच शब्द नाही, चांगले चार-पाच आहेत. त्यांतला फरक कळला की बाकीचे अर्थ आपोआप उकलतात, म्हणून इथं जरा रेंगाळू.

पुस्तकं ठेवली, पुस्तकं लावली, पुस्तकं मांडली, पुस्तकं रचली. चारही वाक्यं बरोबर आहेत, पण डोळ्यांपुढं येणारं चित्र वेगळं.

'ठेवली' म्हटलं की हातातलं ओझं कुठंतरी टेकवलं, एवढंच. ती नीट आहेत की पसरलेली, याच्याशी 'ठेवणे'ला देणंघेणं नाही. हा शब्द संस्कृत 'स्थापय्'वरून आला. तोही मुळात प्रयोजकच, उभं राहील असं करणे.

'लावली' म्हटलं की प्रत्येकाची जागा ठरलेली आहे आणि जे ते आपापल्या जागी गेलं. कपाट लावलं, अंथरूण लावलं, भांडी लावली. नांदेडच्या मोंढ्यात हमाल पोत्यांची थप्पी लावतात. थप्पीतलं प्रत्येक पोतं खालच्या पोत्याला असं भिडलेलं हवं की भार कलता कामा नये. हे काम पाहिलं की 'लावणे'त 'भिडणे' अजून किती जिवंत आहे ते कळतं.

'मांडली' म्हटलं की ती दिसतील अशी पसरली. मूळ 'मण्ड्', सजवणे; 'मंडन'मधला. लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तिथं व्यापारी घोंगड्या, घुंगरमाळा मांडून बसतो. ठेवल्या म्हणणं अपुरं, रचल्या म्हणणं चूक, कारण गिऱ्हाइकाला माल दिसायला हवा. आता 'मांडणे'चे मनाशी जोडलेले अर्थ पाहा: मत मांडणे, कैफियत मांडणे, हिशोब मांडणे. तिन्हींत आतलं काहीतरी दुसऱ्याच्या नजरेपुढं पसरलं जातं. पूजा मांडतात, भातुकली मांडतात, संसार मांडतात. यांत पसाराही आहे आणि त्या पसाऱ्यातली ठेवणही.

'रचली' म्हटलं की एकावर एक चढली. कडब्याची गंजी रचतात, सरण रचतात. कंधारच्या भुईकोट किल्ल्याचा तट पाहताना तोंडात 'रचलेला' हाच शब्द येतो, कारण चिऱ्यावर चिरा चढवत तो उभा राहिला. ओवी रचणे आणि कट रचणे हे दोन टोकांचे व्यवहार, पण दोन्हींत एका गोष्टीवर दुसरी बेतून बसवावी लागते आणि एक निसटली तर सगळं ढासळतं.

प्रत्येक क्रियापदाच्या पोटात एक हातानं करायचं काम आहे. मनाचे, बोलण्याचे, व्यवहाराचे अर्थ त्या कामावरूनच निघतात. 'सेट'चंही असंच. त्याच्या पोटातलं काम आहे 'पक्कं बसवणे'. सोनार खडा बसवतो, हाडवैद्य निखळलेलं हाड बसवतो. इंग्रजीत दोन्हींना 'सेट'च चालतो. मग दिवस ठरवणे, म्हणजे हलत्या गोष्टीला एका तारखेवर पक्कं बसवणे, यालाही 'सेट'. शाळेचा नियम घालून देणे, किंमत ठरवणे यांनाही तोच.

वातीपासून मोबाइलपर्यंत

सगळे अर्थ मात्र मूळ कामापासून एका उडीत पोचत नाहीत. बरेचसे पायरीपायरीनं सरकत जातात आणि मधल्या पायऱ्या पुढं दिसेनाशा होतात. 'दिवा लावणे'चा प्रवास त्यासाठी चांगला आहे.

तेलाच्या दिव्यात काडीची ज्योत वातीला लावायची. ज्योत वातीला लागली की दिवा पेटला. इथपर्यंत 'लावणे' म्हणजे अगदी सरळ भिडवणे. मग गावात वीज आली. बल्बला ना वात, ना काडी; बटण दाबायचं. पण संध्याकाळी आई जे सांगायची, "दिवा लाव", त्यात बदल करायची गरज कुणालाच वाटली नाही. याच क्षणी अर्थ सरकला. भिडवणं गळलं आणि 'चालू करणे' उरलं. एकदा 'चालू करणे' हा अर्थ सुटा झाला की तो ज्याचा दिव्याशी संबंध नाही त्यालाही बसू लागला: पंखा लाव, रेडिओ लाव, टीव्ही लाव.

दाराचा रस्ता वेगळा. दाराची फळी चौकटीला भिडली की दार लागलं. इथं मूळचं भिडवणं अजून तसंच आहे. म्हणून दिवा लावल्यावर सुरू होतो आणि दार लावल्यावर बंद होतं, यात विरोध नाही. दोघं एकाच गावाहून निघाले आणि वेगवेगळ्या वाटांना लागले.

आणि फोन? तो पुन्हा पहिल्या अर्थाकडं येतो. "फोन लाव" यात आपण फोन चालू करायला सांगत नाही. पलीकडच्या माणसाशी जोडायला सांगतो. त्यामुळंच रेंज नसली की "फोन लागत नाही" म्हणतो.

जेम्स मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, सुधारित आवृत्ती १८५७ साली आली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ ते १९३८ या काळात छापले गेले. आपल्याकडं टीव्ही आणि मोबाइल आले ते या दोन्ही कोशांनंतर. ही यंत्रं आली तेव्हा 'लावणे'चे नवे अर्थ कुणी बसून ठरवले नाहीत. बोलणाऱ्यांनी जुन्या अर्थाचं एक पाऊल पुढं टाकलं, एवढंच.

अर्थ कोण ठरवतं?

असं सरकत सरकत क्रियापद हलकं होत जातं. त्याचा स्वतःचा अर्थ पातळ होतो आणि वाक्याचा भार शेजारच्या नामावर जातो. सवय लावणे, शोध लावणे, अर्थ लावणे यांत नेमकं काय घडलं ते 'सवय', 'शोध', 'अर्थ' हे शब्द सांगतात. पेरणीतही असंच असतं. तिफण तीच असते. चाड्यात ज्वारीची मूठ सोडली तर ज्वारी उगवते, करडीची सोडली तर करडी. मात्र तिफणीची ओळ जशी बदलत नाही, तसं हलक्या झालेल्या क्रियापदाचंही एक वळण कायम राहतं. 'लावणे'चं वळण आहे: कुणीतरी मुद्दाम काही केलं आणि दोन गोष्टींचा संबंध जुळला. सवय लावताना माणसाचा संबंध एखाद्या कृतीशी जुळतो, अर्थ लावताना शब्दाचा आशयाशी. दोन घरांत भांडण जुळवून देणाऱ्याच्या उद्योगाला आपण 'लावालावी' म्हणतो, तेही याच वळणानं.

'सेट' असाच हलका झालेला आहे. म्हणून शब्दकोशात त्याचा पहिला अर्थ शोधत बसण्याऐवजी आधी वाक्यातलं कर्म पाहावं. काय 'सेट' केलं? घड्याळ, सापळा, हाड, तारीख, की आग? कर्म कळलं की निम्मा अर्थ हाती आला. मग विचारावं: ते कोणत्या स्थितीत पक्कं बसलं?

चौकट: 'सेट' आणि आपल्या तोंडातले शब्द
जेवणाचं टेबल सेट करणे – पानं मांडणे
गजराचं घड्याळ सेट करणे – गजर लावणे
सापळा सेट करणे – सापळा लावणे
अंगठीत खडा सेट करणे – खडा बसवणे
घराला आग, इंग्रजीत 'सेट'सह – आग लावणे
कवितेला संगीतात सेट करणे – चाल लावणे
माणसाला कामावर सेट करणे – कामाला लावणे
प्रश्नपत्रिका सेट करणे – पेपर काढणे

चौकटीतली 'कामाला लावणे' ही ओळ जरा जास्त महत्त्वाची आहे. मराठीत 'रडायला लावणे', 'विचार करायला लावणे', 'धावायला लावणे' अशी कितीही वाक्यं करता येतात. इथं 'लावणे' वस्तू हलवत नाही, माणसाकडून क्रिया करवून घेतो. इंग्रजीतही कुणाच्या बोलण्यानं एखादा विचारात पडला तर त्याला विचार करण्यावर 'सेट' केलं असं म्हणतात. दोन भाषा इतक्या दूरच्या. दोघींनी एकमेकींना न विचारता एकच वाट धरली.

आपोआप होणारं: दही, झड, सातबारा

'सेट'ची एक बाजू मुलांना विशेष छळते. कधी कुणी काही 'सेट' करतं, कधी काही आपणच 'सेट' होतं. मराठीत यासाठी लावणे आणि लागणे अशी दोन रूपं आहेत, इंग्रजीत दोन्हींना एकच.

रात्री कोमट दुधात विरजण घालून आपण दही लावतो. सकाळी विचारतो, "दही लागलं का?" इंग्रजी माणूस या दोन्ही ठिकाणी 'सेट' म्हणतो. आत घडतं ते असं: विरजणातले जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात, त्या आम्लानं दुधातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात, त्यांचं जाळं बनतं आणि पाणी त्यात अडकतं. पातळ दूध एका आकारात पक्कं बसतं. 'लग्' म्हणजे चिकटणे आणि 'सेट' म्हणजे बसवणे, हे दोन्ही अर्थ या एका भांड्यात खरे ठरतात. सिमेंटचंही तेच, गवंडी आता सरळ "सेट होऊ द्या" म्हणतात.

पावसाचंही पाहा. श्रावणात मन्याड नदीच्या खोऱ्यात दिवसभर रिपरिप चालू राहिली की "झड लागली" म्हणतात. इंग्रजीत तिथं 'सेट इन' येतो: पाऊस येऊन आत बसला, आता लवकर उठत नाही. आपणही "पावसानं ठाण मांडलं" म्हणतोच. 'सेट'च्या मागं लागणारे असे छोटे शब्द दिशा दाखवतात. 'अप' लागला की उभं करणे, 'असाइड' लागला की बाजूला काढून ठेवणे, 'ऑफ' लागला की जागा सोडून निघणे. हे मात्र मराठीत नाही. आपण दिशेसाठी बहुतेकदा क्रियापदच बदलतो. म्हणून हा भाग सरावानंच येतो, त्याला सोपी युक्ती नाही.

लावणे–लागणेचा फरक सरकारी कागदावरही दिसतो. फेरफार मंजूर झाला की "सातबाऱ्याला नाव लागलं". कुणी खटपट करून करवून घेतलं तर "नाव लावलं". पहिल्या वाक्यात हक्क चालत आल्यासारखा वाटतो, दुसऱ्यात कुणाचा तरी हात दिसतो. वारसांच्या भांडणात लोक हे दोन शब्द फार जपून वापरतात.

'लागणे'चा आणखी एक वापर आपल्या भागात असा आहे की तो आपल्याला दिसतही नाही. लातूर-नांदेडकडं "काय करूलालास?" असं विचारतात, "जाऊलालो" असं उत्तर येतं. मला हे 'करू लागलास', 'जाऊ लागलो' यांचंच आटलेलं रूप दिसतं. कामाला लागणे म्हणजे सुरू करणे, आणि सुरू केलेलं चालू असणे. पुण्याकडची माणसं या बोलीला हसतात. हसण्यासारखं त्यात काहीच नाही. भिडण्याचा अर्थ सांगणारं क्रियापद घासत घासत काळ दाखवणारा प्रत्यय कसं होतं, ते या एका रूपात ऐकू येतं.

शेजारच्या घरांत

कंधार तालुक्यातून देगलूर-बिलोलीकडं गेलं की तेलुगू कानावर पडते, उदगीर-देवणीच्या पुढं कन्नड, आणि सगळीकडं दखनी उर्दू आहेच. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात एकत्र होता, त्यामुळं दोन-तीन भाषा बोलणारी घरं इथं नवलाची नाहीत.

कन्नडमध्ये 'हच्चु' हे क्रियापद आहे. दिवा लावायचा तर 'दीप हच्चु', तेल लावायचं तर 'एण्णे हच्चु'. दिवा आणि तेल, दोघांना एकच क्रियापद, आपल्यासारखंच. हिंदी मात्र तेल लावते आणि दिवा जाळते. तेलुगूत 'पेट्टु', म्हणजे ठेवणे, हे अशाच कामाचं क्रियापद. कुंकू 'पेट्टु', नाव 'पेट्टु', खर्च 'पेट्टु'. घरी जेवायला वाढणं हेही 'पेट्टु'. तेलुगू बोलणारी सून मराठी घरात आली आणि तिनं "कपाळाला कुंकू ठेवलं" असं म्हटलं, तर ती चुकली असं म्हणण्यापेक्षा तिच्या 'पेट्टु'ची हद्द आपल्या 'लावणे'वर चढली, असं म्हणणं अधिक बरोबर. वस्तू जागेवर नेणारी क्रियापदं बऱ्याच भाषांत अशी पसरतात, पण प्रत्येक भाषेनं कुंपण वेगळीकडं घातलेलं असतं.

जिथं जोडी जुळत नाही

म्हणून 'सेट' म्हणजे 'लावणे' असं समीकरण कुणी वहीत लिहून घेऊ नये. माणसाला जीव लावणे, गोठ्यातल्या वासराचा लळा लागणे, भूक लागणे, ठेच लागणे यांतल्या एकाही ठिकाणी 'सेट' चालत नाही. सूर्य इंग्रजीत 'सेट' होतो, मराठीत मावळतो. इंग्रजीत चांगलं उदाहरण 'सेट' करतात, आपण ते घालून देतो.

शब्दकोश उघडल्यावर एक गोष्ट आधी पाहावी: समोरची नोंद क्रियापदाची आहे की नामाची. सोन्याचा सेट, कपबश्यांचा सेट यांतला 'सेट' म्हणजे संच, आणि हा समूहवाचक शब्द इंग्रजीत दुसऱ्याच वाटेनं, जुन्या फ्रेंचमधून, लॅटिनच्या 'सेक्टा'वरून आला. पंथ या अर्थाचा 'सेक्ट' त्याचाच भाऊ. पुढं उच्चार एक झाल्यानं दोघांची सरमिसळ झाली. मराठीत मात्र दोन्ही 'सेट' एकदमच शिरले. "पोरगं पुण्यात सेट झालं" यातला पहिला, ज्याला आपले आजोबा "मार्गी लागलं" म्हणायचे. आणि लग्नाच्या रुखवतात मांडलेला स्टीलचा सेट हा दुसरा.